चढ कोणाचा, उतार कोणाचा

नायट्रोला इंजिन नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात २०१३ साली उभा राहिलेला, भारतातला सर्वांत मोठा म्हणून मिरवणारा हा पोलादी रोलर कोस्टर माणसांना ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळवतो, पाच वेळा उलटं करतो. पण त्याच्या गाडीत ना मोटर, ना डिझेल, ना वाफ. सुरुवातीला एक साखळी गाडीला सुमारे चाळीस मीटर वर ओढून नेते आणि सोडून देते. तिथून पुढचं सगळं त्या चाळीस मीटरांच्या जिवावर. उतार फुकटचा असतो. खर्च होतो तो चढाचा.

तो खर्च कोण करतं, हे पाहायला आज तुम्ही निघाला आहात. त्यासाठी खोपोलीच्या रांगेत उभं राहून भागणार नाही. नायट्रोचा चढ खोपोलीत सुरूच होत नाही. पूर्वेला, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागेल, आणि काळातही बरंच मागे. अंगावर काहीतरी गरम घ्या. चंद्रपूरला जाताना असा सल्ला कुणी देत नाही, हे खरं. पण तुम्ही पोहोचणार आहात तेव्हा तिथे उन्हाळा अजून आलेला नाही.

वर्धेचं खोरं, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी

हवेत गारवा आहे. पाय घोट्यापर्यंत चिखलात. हा भूभाग अजून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, एका विशाल खंडाला चिकटलेला आहे, आणि हिमनद्या मागे सरकून फार काळ झालेला नाही. भोवती गर्द झाडी, पण तुमच्या ओळखीचं एकही झाड नाही. साग नाही, मोह नाही, बांबू नाही. गवताचं पातं नाही, फूल नाही, पाखराचा आवाज नाही. डायनासोर यायलाही अजून काही कोटी वर्षं आहेत. सगळीकडे एकाच जातीची झाडं: जिभेच्या आकाराची लांबट पानं, मधोमध ठसठशीत शीर. ग्लोसोप्टेरिस.

पानगळीचा हंगाम चालू आहे. पानं दलदलीत पडतात आणि तिथे कुजायला पुरेशी हवाच नसल्यामुळे तशीच साचतात. पानांवर पानं, खोडांवर खोडं. मग नदी पात्र बदलते आणि वरून वाळू पसरते, जमीन जरा खचते, वाळूवर पुन्हा जंगल उभं राहतं. असं किती वेळा, याची मोजदाद करायला तुम्ही इथे थांबू शकत नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवा की त्या प्रत्येक पानाने ऊन खाल्लेलं आहे, आणि ते ऊन खर्च न होता तुमच्या पायाखाली दडपलं जात आहे. चढासाठी लागणाऱ्या पुंजीतला पहिला पैसा इथे जमा झाला.

मॉख चंक, पेनसिल्व्हेनिया, १८३० च्या सुमारास

मधली कोट्यवधी वर्षं एका ढांगेत ओलांडून तुम्ही अमेरिकेत, एका कोळशाच्या डोंगरावर उभे आहात. खाण वर, नदी खाली, मध्ये चौदा-पंधरा किलोमीटरचा उतार. खाणवाल्यांनी १८२७ साली त्या उतारावर रूळ टाकले. कोळशाने भरलेल्या गाड्या वरून सोडून द्यायच्या. त्या आपल्याच वजनाने खाली नदीच्या धक्क्यावर पोहोचतात. एक माणूस ब्रेक धरून बसतो, बाकी काम डोंगर करतो.

तुम्ही शेवटच्या गाडीत चढता. शेजारी खेचरं आहेत. होय, उतारावर खेचरंही गाडीत बसून जातात, समोरच्या चाऱ्यात तोंड घालून. अर्ध्या तासात तुम्ही खाली. मग कोळसा उतरतो, खेचरं उतरतात, आणि त्याच रिकाम्या गाड्या ओढत ती डोंगर चढू लागतात. त्याला तीन-चार तास लागतात. त्यांच्या मागून चालून पाहा थोडं. मानेवरच्या जुवाची करकर, घामाचा वास, दगडावर घसरणारे खूर. गाडीतून उतरण्याची एकदा सवय लागली की खेचरं उतारावर पायी चालायला साफ नकार देत, असं त्या भागात सांगत. चढाचा खर्च कोण करतं हे त्यांच्याइतकं कुणालाच नीट कळलेलं नव्हतं.

पुढे चढावर वाफेची इंजिनं बसली. १८७२ मध्ये बोगद्यातून नवी रेल्वे झाल्यावर कोळसा तिकडून जाऊ लागला आणि या रुळांवर उरली फक्त मौज. शहरातली माणसं पैसे देऊन कोळशाच्या वाटेने घसरू लागली. त्यावरून धडा घेतला लामार्कस थॉम्पसन यांनी आणि १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंट तिकिटाची घसरगाडी उभी केली. तिथेही एक चक्कर मारून घ्या, पण आधी जिना चढा. गाडी वर उभी आहे आणि तिथवर तुम्हाला तुमच्याच पायांनी जायचं आहे. बसलात की गाडी लाटांसारख्या रुळांवरून ताशी दहा किलोमीटरने जाते. दुसऱ्या टोकाला पुन्हा उतरायचं. नोकर गाडी ढकलत वर नेतात, मग परतीचा प्रवास. आजच्या मुलांना झोप येईल. पण कोळशाची खाण आणि रोलर कोस्टर यांचं नातं इथे उघड्यावर दिसतं. ते झाकलं गेलं नंतर.

चांदा, चैत्र पौर्णिमा, १८९० च्या आसपास

तुम्ही चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाच्या आत-बाहेर करणाऱ्या गर्दीत सापडला आहात. झरपट नदीच्या काठी बैलगाड्याच बैलगाड्या. निजामाच्या मुलखातून, नांदेड-परभणीकडून माणसं महाकालीच्या दर्शनाला आली आहेत. गोंड राणी हिराईच्या काळापासूनचं हे देऊळ. कपाळभर शेंदूर, पोतराजाच्या आसुडाचा फटकारा, नदीत आंघोळ करून ओल्या लुगड्याने निघालेल्या बाया, आणि या सगळ्यावर चैत्राचं ऊन. गरम कपडे आता गाडीखाली ठेवून द्या.

जत्रा म्हटली की रहाटपाळणा आलाच. दोन उभे खांब, मध्ये आस, आसावर लाकडी चौकट आणि तिला टांगलेले चार पाळणे. तुम्ही एकात बसता. पाळणेवाला छातीचा जोर लावून दांडा खाली दाबतो, त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूने लटकतो, आणि तुम्ही वर जाऊ लागता.

"घट्ट धरजा माय, खाली पाहू नोका!"

तुम्ही खाली पाहताच. त्याच्या दंडावरची शीर फुगलेली दिसते. गळ्यातला ताईत घामाने छातीला चिकटला आहे. तुम्ही जरा जाड आहात हे त्याला पहिल्याच दाबात कळलेलं आहे आणि त्याने तोंड वाकडं करून तसं जोडीदाराला सांगितलंही आहे. पाळणा माथ्यावर येतो, क्षणभर पोट हलकं होतं, परकोटाचा दगड, नदी, धुळीत बुडालेल्या गाड्या, सगळं एकदम दिसतं. आणि तुम्ही खाली येता. दहा-बारा फेऱ्यांनंतर तो धापा टाकत थांबतो. तुम्ही उतरता. त्याच्या हातात पैसा ठेवता. तो पैसा पाहून घेतो, कमी वाटला तर परत पुढे करतो.

उंची असेल दोन पुरुष. जगातल्या कुठल्याच विक्रमाच्या यादीत हा पाळणा नाही. पण इथला व्यवहार नीट पाहून ठेवा. ज्याने तुम्हाला वर नेलं तो समोर उभा आहे. त्याचा घाम तुम्हाला दिसतो, तुमचं वजन त्याला कळतं, आणि भाव दोघांच्या तोंडावर ठरतो. पुढे उंची वाढत जाईल तसा हा माणूस तुमच्यापासून दूर जाईल.

लोहारा टेकडी, चांदा जिल्हा, १९०३-०४

इथे तुम्ही बैलगाडीत आहात आणि गाडीवान सारखा मागे वळून पाहतो आहे, कारण हे वाघाचं रान आहे. पुढच्या गाडीत दोराबजी टाटा, अमेरिकेहून आलेले खाणतज्ज्ञ सी. एम. वेल्ड, आणि शापूरजी सकलातवाला, जे पुढे ब्रिटिश पार्लमेंटात निवडून जाणार आहेत. पाण्याचे हाल असे की सोडा वॉटरच्या बाटल्या फोडून चहा केल्याचं सांगतात. त्या चहाचा एक घोट घ्या. पुन्हा मागणार नाही तुम्ही.

या टेकडीची ओढ जुनी आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याचं लोखंड उत्तम आहे, असं त्यात म्हटलं होतं; आणि तिथून फार लांब नाही अशी वरोऱ्याची कोळशाची खाण १८७० च्या दशकापासून चालू होतीच. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात! नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. पोलादाच्या भट्टीला लागतो तसा कोक त्याचा होत नव्हता. त्यात सरकारचे खाणींचे नियमही जाचक. विषय वीस वर्षं मागे पडला. नियम सैल झाल्यावर आता मुलगा पुन्हा इथे आला आहे.

टेकडीवर चढा. पायाखालचा दगड हातात घेऊन पाहा. आकाराच्या मानाने भलताच जड, फोडला की आत करडी चमक, बोटाला तांबडा रंग. या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या असा दगड लाकडी कोळशाच्या छोट्या भट्टीत वितळवून विळे-कुऱ्हाडी करत आले. त्यांच्यासाठी ही टेकडी कधी संपणार नव्हती. वेल्डसाहेबांचं गणित वेगळं आहे. त्यांना वर्षानुवर्षं धगधगत राहणारा कारखाना हवा. टेकडीभोवती फिरून, खणून, मोजून ते ठरवतात की लोखंड चांगलं आहे, पण त्या मानाने पुरेसं नाही. आणि जोडीला योग्य कोळसा नाही.

दोराबजी हे कळवायला नागपूरला निघतात, तुम्हीही जा. सचिवालयात भेटायचा अधिकारी जागेवर नसतो. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरतात. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच हे. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा रंगीत भूगर्भ-नकाशा आहे आणि दुर्गच्या भागावर लोखंडाची खूण आहे. दोराबजी नकाशासमोर थबकतात. मोहरा त्या क्षणी चांद्याकडून वळला. दुर्गहून मयूरभंज, जिथल्या लोखंडाची खबर प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने दिली, आणि मयूरभंजहून साकची. १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी वारले, आणि साकचीच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडलं १९१२ च्या फेब्रुवारीत. तो गाव आज जमशेदपूर आहे.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण तोवर बल्लारपूरकडे कोळसा सापडला होता. पोलाद करायला नालायक ठरलेल्या कोळशाचं एक काम मात्र चोख होतं. तो जळत होता.

खोपोली, फेब्रुवारी १९१५

आता पश्चिमेला या. बोरघाटाचा पायथा, समोर सह्याद्रीची भिंत, आणि तिच्यावरून उतरणारे जाडजूड पोलादी नळ. लोणावळ्याच्या पठारावर, वळवणच्या आणि आसपासच्या तलावांत पावसाचं पाणी अडवलं आहे. ते नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि इथल्या वीजघरातली चाकं फिरवतं. ही योजनाही जमशेटजींच्याच मनातली. ती पाहायला ते उरले नाहीत. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन कळ दाबतात आणि मुंबईच्या गिरण्यांकडे वीज धावू लागते.

नळाला हात लावा. आतून थरथर जाणवते. नायट्रोच्या माथ्याच्या बारा-तेरापट उंचीवरून हे पाणी कोसळतं आहे. त्याला वर कुणी नेलं? समुद्राच्या वाफेने आणि मृगाच्या ढगांनी. त्यांनी कुणाकडे मजुरी मागितली नाही. पण तलावाखाली गेलेली शेतं, वस्त्या कुणाच्या तरी होत्या. चढ निसर्गाने चढवला तरी त्याला जागा माणसांची लागते, हे खोपोलीला नायट्रोच्या शंभर वर्षं आधीपासून ठाऊक आहे.

ऊर्जानगर, १९८३ ते १९९९

पुन्हा चंद्रपूर. १९८२ च्या ऑगस्टमध्ये त्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि पुढच्याच वर्षी दुर्गापूरच्या बाजूला महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसताना तुम्ही आधी रुमाल टाकता. इरई धरणाचं पाणी, आजूबाजूच्या खाणींचा कोळसा. पट्ट्यावरून येणाऱ्या कोळशातला एक तुकडा उचला आणि उजेडात धरा. नीट पाहिलंत तर एखाद्या कपारीत जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा दिसेल, मधोमध ठसठशीत शीर. तुमच्या ओळखीचं पान आहे हे.

चक्की त्याचं पीठ करते. पावडरसारखा कोळसा हवेबरोबर बॉयलरमध्ये शिरतो आणि क्षणात संपतो. २८ कोटी वर्षं दडपून ठेवलेलं ऊन सुटतं, पाण्याची वाफ होते, वाफ चाकं फिरवते. उरते ती राख, पाण्यात कालवून बंधाऱ्याकडे वाहत जाणारी. पाळीवरून परतणारे कामगार मान पुसतात तेव्हा रुमाल करडा होतो. रात्री सायकलवरून कॉलनीत जाताना ते झुडपांकडे लक्ष ठेवतात. ताडोबाचं रान इथून लांब नाही आणि वाघ-बिबट्यांनी वीज केंद्राची हद्द कधी मान्य केलेली नाही.

संच वाढत गेले. विजेचं मोठं गिऱ्हाईक मात्र पश्चिमेला. म्हणून १९९९ मध्ये एक खास वाहिनी सुरू झाली: चंद्रपूर ते पडघा, ७५२ किलोमीटर, पाचशे किलोव्होल्ट दाबाची, १५०० मेगावॅट वाहून नेणारी. एवढ्या लांबवर नेहमीच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेची गळती जास्त होते, म्हणून या टोकाला तिचं एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करायचं आणि पडघ्याला पुन्हा पहिल्यासारखं. तिच्या तारांवरून तुम्ही निघा. खाली कापसाची शेतं, पळसाची रानं, कोरडे ओढे, मग सह्याद्री, मग भिवंडीच्या बाजूचे दिवे. एकाच दिशेने वाहणारी वीज. विदर्भातल्या माणसाला हे तांत्रिक वर्णन वाटत नाही, अनुभवाचं बोलणं वाटतं.

कारण नंतरच्या दशकात याच विदर्भातल्या खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन झालं. वीज केंद्राची धुरांडी घरातून दिसतात आणि घरात दिवा नाही, असे ते दिवस. २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी निघाली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. हाही विक्रमच. त्याच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही.

खोपोली, नायट्रोची रांग

आता तुम्ही वेळेवर पोहोचलात. रांग सरकते. मोबाइल, चष्मा, चपला काढून ठेवायला सांगतात. एका ओळीत चौघं. खांद्यांवरून जाड पट्टा खाली येतो, कर्मचारी तो ओढून, ढकलून पाहतो, अंगठा दाखवतो. आणि मग पायाखालची फरशीच सरकते. हा बिनफरशीचा कोस्टर आहे, स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड यांच्या कंपनीने घडवलेला. पाय अधांतरी लोंबतात.

कट्, कट्, कट्. साखळीने गाडी धरली. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दात बसवलेले असतात, त्यांचा हा आवाज. पाठ सीटला टेकलेली, समोर फक्त आकाश. तुमच्या शेजारची मुलगी देवाचं नाव घेते आहे. याच चढावर थोडा हिशेब करून टाका, वरती वेळ मिळणार नाही. गाडी माणसांसकट दहा टन धरली, तर तिला चाळीस मीटर उचलायला साधारण एक युनिट वीज लागते. मोटर आणि साखळीतली घट धरून दोन युनिट म्हणा. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे दीड किलो. राज्याच्या जाळ्यात कोळशाची, पाण्याची, अणूची, वाऱ्याची वीज एकत्र मिसळते आणि कुठली कुठली हे वेगळं काढता येत नाही. पण त्या जाळ्यातला मोठा वाटा कोळशाचा आहे आणि कोळशाच्या विजेचं राज्यातलं एक मोठं घर चंद्रपूर आहे. तुम्हाला सगळ्यांना मिळून वर न्यायला ओंजळ-दोन ओंजळी चांद्याचा कोळसा पुरतो.

माथा आला. सह्याद्रीच्या रांगा एका नजरेत. साखळी सोडते.

पोट वर राहतं आणि तुम्ही खाली जाता. ओरडणं तुमचंच आहे, पण ते मागे कुठेतरी राहून गेल्यासारखं ऐकू येतं. मग रूळ तुम्हाला उचलून पूर्ण उलटं करतात. हे वळण नुसतं गोल नसतं. वरच्या बाजूला आवळलेलं आणि खाली पसरट असतं. खरंखुरं गोल ठेवलं तर खालच्या टोकाला मान मोडेल इतका भार पडतो, हे जुन्या गोल वळणांवर माणसांनी अंगावर काढून शिकलेलं शहाणपण आहे. लगेच एक पीळ येतो, त्यात काही क्षण शरीराला वजनच राहत नाही. मग पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं. डावीकडचं उजवीकडे. एकेक वळण आधीच्यापेक्षा जरा बुटकं होत जातं, कारण चढावर मिळालेली पुंजी वाऱ्यात आणि चाकांच्या घर्षणात झिजते आहे. शेवटी ब्रेक. फरशी पुन्हा पायाखाली येते. शेजारची मुलगी हसते आहे आणि तिच्या डोळ्यांत पाणी आहे.

हा आनंद खरा आहे. त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. गाडीखालची पोलादी नळी, जिच्यामुळे रूळ असे कसेही पिळता येतात, ती १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पहिल्यांदा रोलर कोस्टरला लागली. तेव्हापासून उंचीची चढाओढ थांबलेली नाही. न्यू जर्सीतला किंग्डा का २००५ मध्ये १३९ मीटरवर जाऊन जगात सर्वांत उंच ठरला. वीस वर्षांत, २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याचा मनोरा स्फोटांनी पाडला गेला. अबुधाबीतला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटर गाठतो. असल्या कोस्टरांना साखळीचा चढ नसतो, एका झटक्यात ते गाडी सोडतात; पण झटका असो की साखळी, पैसे उताराच्या आधीच मोजावे लागतात. विक्रमांच्या पाट्यांवर उंची लिहिलेली असते, वेग लिहिलेला असतो. चढ कुणी चढवला तो रकाना कुठल्याच पाटीवर नाही. चांद्याच्या जत्रेत त्या रकान्याची गरज नव्हती. तो माणूस समोरच धापा टाकत उभा होता.

गडचिरोली, आत्ता

शेवटचा मुक्काम. आलापल्ली-आष्टी रस्त्याच्या कडेला उभे राहा. ट्रकांमागून ट्रक, पानांवर तांबडी धूळ. ते एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडहून येतात. त्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे, लोहाऱ्याच्या टेकडीला जे जमलं नाही तेवढं. खाणकाम २०१६ मध्ये सुरू झालं, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहनं जाळली, काम थांबलं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. दोराबजी ज्या जिल्ह्यातून रिकाम्या हाताने परतले, त्याच जुन्या चांदा जिल्ह्यात सव्वाशे वर्षांनी लोखंडाचा कारखाना आला. कुणाला त्यात रोजगार दिसतो, कुणाला देव आणि रान जाताना दिसतं; एकाच घरात ही दोन्ही मतं सापडतात.

कोळसा गेला, वीज गेली, आता लोखंड निघालं आहे. ते थांबवायचं की न्यायचं हा वाद इथल्या माणसांचा आहे आणि त्यांनीच तो करायचा आहे. तुमच्या प्रवासातून एक गोष्ट मात्र हाताला लागते. ज्याने वर नेलं तो समोर दिसत नाही तेव्हा त्याच्या घामाचा भाव दुसराच कुणीतरी ठरवतो. म्हणून समोर दिसणं ही पहिली लढाई आहे, आणि ती जिंकता येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. गाव अडून बसलं. २०११ च्या एप्रिलमध्ये खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. त्यानंतर बांबूचा लिलाव ग्रामसभेने केला, भाव ग्रामसभेने ठरवला, मजुरी ग्रामसभेने वाटली. बांबू तोच, रानही तेच. भाव ठरवणारा बदलला.

खनिजाच्या बाबतीतही एक दार कायद्याने उघडून ठेवलं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण-जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यांनी स्वामित्वधनाच्या ठरावीक हिश्शाइतकी रक्कम तिथे भरायची आणि ती खाणीची झळ लागलेल्या गावांवर खर्च व्हायची. चंद्रपुरातही ते आहे, गडचिरोलीतही. किती पैसे आले, कोणत्या गावाला गेले, गावातल्या कोणत्या कामाला लागले, हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात, आणि दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणीशेजारी राहणाऱ्यालाही ते तितकेच विचारता येतात. कोनसरीची चाकं नुकती कुठे फिरू लागली आहेत. म्हणजे गाडी अजून साखळीवर आहे, माथ्यापर्यंत पोहोचलेली नाही. मजुरीचं बोलणं करायची वेळ हीच असते; एकदा उतार लागला की गाडीतल्या कुणालाच मागचं ऐकू येत नाही.